पोटाखालचं लोखंड

बुलडोझर म्हटलं की आमच्या माणसाच्या पोटात आधी गोळा येतो. येणारच. शहरात झोपडपट्टीच्या तोंडाशी तो पिवळा पत्रा दिसला की बाया भांडी गोळा करायला लागतात, पोरं दप्तर शोधतात. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला निकाल देऊन सांगावं लागलं, की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कुणाचं घर पाडू नका. साधी माणुसकीची गोष्ट, तीही कोर्टानं लिहून द्यावी लागते. आणि त्या निकालातही रस्त्यावरच्या, फुटपाथवरच्या, रेल्वेलाईनीलगतच्या झोपडीला हे संरक्षण नाहीच. म्हणजे जिथं आमची माणसं जास्त, तिथं नोटिशीचा कागदसुद्धा नाही.

असलं हे यंत्र. आमच्या वस्तीनं मागच्या उन्हाळ्यात तेच विकत घेतलं. जुनं, गंजकं, पोटाखालून मेलेलं. घरं पाडायला नाही, जमीन करायला. त्याची ही हकिगत. यात लोखंड जास्त आहे, कविता कमी आहे. दोस्तहो, कवितेची पानं पुढं आहेतच.

आमचं गाव माणदेशात. सातारा जिल्ह्याचा पूर्वेचा कोरडा भाग. इथं ढग येतात ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गावाला निघालेले असतात. वस्तीच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे हाडकी. नावातच हाडं. महारकीच्या बदल्यात मिळालेलं वतन. सगळ्या गावाची चाकरी करायची, सांगावे पोचवायचे, ढोरं ओढायची, आणि त्याबदल्यात हा माळ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती मांडली. हे वतन म्हणजे पोट भरणारी चाकरी नाही, पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवणारी दोरी आहे, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. साऱ्याच्या पटीत पैसे भरले त्यांना जमीन परत मिळाली, नव्या अविभाज्य शर्तीवर. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा आमच्या आजानं जेल बघितलं. घरात कुणी नवीन सून आली की आज्जी तिला हे आधी सांगायची. बाकी दागिने नव्हतेच दाखवायला.

तर जमीन मिळाली. सातबारा झाला. पण सातबारा कागदावर सपाट असतो, जमीन नसते. आमचा माळ उताराचा. वर मुरूम, खाली खडक, मधे काटेरी झुडपं. पाऊस पडला तर पाणी थांबत नाही, वाहून खालच्या शिवारात जातं. खालचं शिवार कुणाचं ते सांगायला नको. म्हणजे आमच्या जमिनीवरची मातीसुद्धा त्यांच्याकडं चाकरीला जाते. उतार मोडून टप्पे पाडायचे, ताली घालायच्या, दगड काढायचे तर हाताचं काम नाही. १९७२ च्या दुष्काळात आज्जीनं खडी फोडली, ती हातानं फोडली. एकोणीस एकर माळ हातानं सपाट होत नाही.

भागात एका गड्याकडं चेनचा डोझर आहे. तासावर देतो. आम्ही तीन वर्षं त्याच्याकडं खेटे घातले. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची पद्धत आता गेली. आता 'बघू' म्हणतात. ह्याचं झालं की बघू, त्याचं झालं की बघू. बघता बघता मृग निघायचा आणि मशीन ताडपत्रीखाली जायचं. तिसऱ्या वर्षी विहारात बैठक झाली. मामा म्हणाला, "दुसऱ्याच्या मशिनीची वाट बगत मरायचं का? आपलंच घिऊ की."

सगळे हसले. मामा हसला नाही.

माझा मामा एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं हेल्पर होता. भरती हेल्पर, निवृत्ती हेल्पर. त्याला डोझर सीटवरून कमी आणि खालून जास्त माहीत. तिथं कामाची वाटणी ठरलेली होती. वर बसणारे वेगळे, खाली घुसणारे वेगळे. चेनीतला चिखल पहारीनं काढायचा, रोलरखाली आडवं पडायचं, कोपरापर्यंत ग्रीस. नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. नियमात लिहिलेलं नसतंच. पण खाली जो आडवा असायचा त्याचं आडनाव विचारायची गरज पडायची नाही. एकतीस वर्षांत मामाला सीटवर बसायला मिळालं ते साहेब जेवायला गेल्यावर, मशीन शेडमधून बाहेर काढण्यापुरतं. मात्र ह्या आडवं पडण्यातून तो शिकला. खालून जे दिसतं ते वर बसणाऱ्याला दिसत नाही. ही म्हण नाही, खरोखरच दिसत नाही. सीटवरून फक्त पातं दिसतं आणि धूर.

मशीन मिळालं सोलापूरच्या बाजूला, एका बंद पडलेल्या क्रशरच्या मागं. डी-५०. भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी १९६४ ची. तिनं जपानच्या कोमात्सूच्या सहकार्यानं कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात हे डोझर बनवले. सरकारी खात्यांतून, धरणांवरून, खाणींवरून ते देशभर राबले आणि मग लिलावातून खाली खाली येत आमच्यापर्यंत पोचले. वजन दहा टनांच्या वर. इंजिन खोकत का होईना, चालू झालं. पण खाली? मामा पाठीवर झोपून आत गेला, बॅटरी मारली, बाहेर आला आणि म्हणाला, "जीव हाय. पाय गेल्यात." भंगारवाला तिथंच उभा होता. त्याचा किलोचा भाव तयार होता. मामानं त्याच्यावर थोडे वाढवून सौदा तोडला. घरटी पाच-पाच हजार निघाले, काहींनी बचत गटातून उचलले, मी गिरणीतल्या पतपेढीचं कर्ज काढलं. ट्रेलरवरून मशीन वस्तीत आलं तेव्हा गावातले लोक बघायला आले. एकजण म्हणाला, भंगाराचा धंदा सुरू केला काय रे? आम्ही काही बोललो नाही. बोलायला मे महिना कमी होता.

आता हे 'पाय' म्हणजे काय ते सांगतो, कारण रोज रस्त्यावर बघूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

चाकाचं यंत्र मऊ जमिनीत रुततं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दलदलीच्या शेतात वाफेचे अवजड ट्रॅक्टर असेच बुडायचे. बेंजामिन होल्ट नावाच्या माणसानं मागची चाकं काढून त्याजागी लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. २४ नोव्हेंबर १९०४ ला तो चालवून बघितला. सुरवंटासारखा सरपटला म्हणून नाव पडलं कॅटरपिलर. शेतासाठी निघालेली युक्ती, पण बारा वर्षांत ती लढाईत गेली. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये पहिले रणगाडे चालले, तेही अशाच पट्ट्यावर. मग परत उलट झालं. दुसऱ्या महायुद्धात उरलेले अमेरिकी सैन्याचे चेन ट्रॅक्टर स्वातंत्र्यानंतर आपल्या केंद्र सरकारनं कांस गवतानं पडीक पडलेली जमीन मोडायला लावले. यंत्राला काय, ज्याच्या हातात त्याचं.

डोझर आपला रस्ता आपणच पुढं अंथरतो, त्यावरून चालतो, मागून उचलतो आणि परत पुढं आणून टाकतो. हा रस्ता म्हणजे चेन. दोन कड्यांच्या मधे बुश, बुशातून आरपार पिन, दर सांध्याला असं. मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. त्याचे दात बुशाला धरून चेन ओढतात. पुढचं गुळगुळीत चाक आयडलर. मधे खाली रोलरांची रांग, सगळं वजन त्यांच्यावर. वरचे रोलर फक्त चेन झेलतात. कड्यांना बाहेरून शू, म्हणजे लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीला चार बोल्ट. पट्टीच्या पाठीवर उभी धार असते, ती जमिनीत दात रोवते. अशा मशीनवर आयुष्यभर दुरुस्तीला जेवढा पैसा लागतो त्यातला निम्म्याच्या आसपास ह्या खालच्या भागावर जातो असं ह्या धंद्यात मानतात. तरी बाजारात विकायला काढलेल्या मशीनला रंग मारलेला असतो वर. खाली कुणी रंग मारत नाही. गिऱ्हाईक वाकत नाही हे विकणाऱ्याला माहीत असतं.

आमच्या मशीनची चेन पोटावर लोंबत होती. स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार. खालच्या एका रोलरला एका बाजूनं सपाट चट्टा पडलेला. म्हणजे तो फिरत नव्हता, नुसता घासत होता. पट्ट्यांच्या धारा इतक्या झिजलेल्या की ओल्या जमिनीत मशीन जागेवर सरकलं असतं.

मी म्हटलं, "मामा, चेन लई ताणलीय."

"चेन ताणत न्हाई भाच्या. लोखंड हाय, रबर हाय व्हय? सांधं झिजत्यात."

हे मला लगेच कळलं, कारण झीज हा माझा रोजचा विषय. मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रिंगच्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाची नखाएवढी लोखंडी कडी फिरते, मिनिटाला हजारो फेरे. झिजते. तिची बदली कधी करायची त्याचं गिरणीत कॅलेंडर असतं. तारखेला जुन्या कड्या निघतात, नव्या बसतात. माणसाच्या छातीचं असं कॅलेंडर नसतं. कापसाची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की छाती आवळते, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्तच. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आम्ही म्हणतो, आज जरा जड वाटतंय. आणि रिंग खातं हे तसं आमचं जुनंच खातं. मुंबईच्या गिरण्यांत आमची माणसं तिथंच भरलेली असायची. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं दार बंद. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्यांचीच वाताहत झाली. रिंग राहिली नाही आणि धोटाही. बाट मात्र दुसरीकडं कामाला लागली.

असो. मी पंधरा दिवसांची रजा काढली आणि मामाचा हेल्पर झालो.

पहिलं काम चेन उघडायचं. चेनीत एक मास्टर पिन असते, बाकीच्यांहून वेगळी, तिच्या डोक्यावर खूण असते. ती शोधून मशीन हळूच हलवत पुढं आयडलरच्या पोटाजवळ आणायची. त्याआधी चेन सैल करायची. चेनीचा ताण ग्रीसच्या दाबावर असतो. आयडलरच्या मागच्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरलं की आयडलर पुढं सरकतो आणि चेन घट्ट होते. सोडताना व्हॉल्व्ह एक फेरा, त्यावर नाही. तोंड त्याच्यासमोर नाही. त्या दाबानं निघालेलं ग्रीस कातडी फोडून आत शिरतं. आणि त्याच्याच मागं जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, टनाटनाच्या जोरानं. मामानं तिच्यावर खडूनं फुली मारली. वेल्डिंगच्या पोराला म्हणाला, "ह्या फुलीपाशी गॅस कटर आणलास तर तुझ्या आईला मी काय सांगू? ह्येला हात लावायचा न्हाई. म्हंजे न्हाई."

मास्टर पिन निघेना. रात्रभर डिझेल सोडलं. सकाळी कडीला गॅसचा शेक दिला, पिनीवर सुंबा धरला आणि घन सुरू केला. मी, वेल्डर पोरगा, चुलतभाऊ, पाळीपाळीनं. सुंबा मामानं धरला. चौदा पौंडी घन मारणारे आम्ही नवखे, आणि धरणारा पासष्टीचा. त्याचा हात हलला नाही. दुपारी दोनला पिन हलली, सुतभर. बघायला जमलेल्या बायांपैकी कुणीतरी बाळंतपणात म्हणतात तसं म्हणालं, "आलं, आलं, डोकं आलं." सगळी वस्ती हसली. चारला पिन बाहेर.

चेन जमिनीवर अंथरली. मामानं ती ट्रॅक्टर लावून ताणली, चार कड्यांवर टेप धरला आणि आकडा पुस्तकातल्या आकड्याशी लावला. पुस्तक म्हणजे निवृत्त होताना त्यानं खात्यातून हातानं उतरवून आणलेली वही. सातवी शिकलेल्या माणसाच्या अक्षरात रोलरचे, बुशांचे, कड्यांचे नवे माप आणि कुठवर झिजलेलं चालतं ते माप. ह्या वहीसाठी त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

दर सांध्यात झीज केसभर. पण एवढे सगळे सांधे, त्यांचे केस मिळून चेन लोंबते. पिन आणि बुश आतून एकमेकांना खातात, आणि बाहेरून बुशाला स्प्रॉकेट खातो. पण खातात एकाच बाजूनं. दुसरी बाजू कोरी राहते. म्हणून पिन आणि बुश काढायचे, अर्धा फेरा, १८० अंश फिरवायचे आणि परत दाबायचे. चेन पुन्हा आपल्या मापाला येते. जवळजवळ दुसरा जन्मच. मात्र हे वेळेत करावं लागतं. बुशाची फक्त कातडी कडक असते. ती संपली की आतलं मऊ लोखंड भराभर जातं, बुश चिरतो, मग फिरवून उपयोग नाही. आमचे नऊ बुश चिरलेले निघाले. बाकीच्यांत जीव होता.

मला वाटलं, ह्याच्यावर कविता होईल. झिजलेली बाजू, कोरी बाजू, अर्धा फेरा. मी मामाला बोलून दाखवलं. मामा म्हणाला, "कर की. पर कवितेनं पिन निगत न्हाई. त्येला पिरेस लागतंय."

प्रेस गावात नसते. पिन-बुश दाबून काढायला कित्येक टनांचा जोर लागतो, घनाचं काम नाही. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीच्या बाजूला लोखंडाची कामं होतात, तिकडं दोन्ही चेनी टेम्पोनं नेल्या. तिथल्या कामगारांशी मामा बोलायला लागला तसे तेही उघडले. कुठल्या खात्यात होता, कुठली मशिनं, कुठलं धरण. चहा झाला. आडनाव सांगून झालं तरी चहा झाला. चांगलं झालं ते झालं म्हणूनही लिहिलं पाहिजे. नऊ बुश जुन्या बाजारातल्या दुसऱ्या चेनीतून मिळाले.

तोवर इकडं बाकीची कामं. बुश मापाला आले आणि स्प्रॉकेटचे दात तसेच राहिले तर दात नव्या बाजूलाही खाऊन टाकतात. दाताची एक बाजू झिजलेली, दुसरी जवळजवळ मूळची. त्या चांगल्या बाजूवरून पत्र्याचा साचा कापला, उलटा धरला, आणि वेल्डर पोरानं दात भरत आणले. आधी शेकायचं, मग थोडं थोडं भरायचं, ग्राइंडरनं साच्याला लावायचं. थंड लोखंडावर एकदम वेल्डिंग मारलं तर चीर जाते. पट्ट्यांच्या धारांवर नव्या लोखंडी पट्ट्या जोडल्या. रॉड कोरडे पाहिजेत म्हणून आक्कानं ते भाकरीच्या चुलीजवळ ठेवले. बोल्ट सगळे नवे. आवळायचे आणि त्यावर आणखी एक तृतीयांश फेरा, पान्याला लांब पाइप घालून. सैल बोल्ट पट्टीचं भोक खातो.

रोलर मला मिळाले. ज्यांची कड झिजली होती ते लेथवर भरून-खरडून आले. आत बुश, तेल आणि दोन्ही तोंडांना सील. हे सील म्हणजे दोन लोखंडी रिंगा, आरशासारखी घासलेली तोंडं समोरासमोर, आणि मागून दोन रबराच्या रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. एक लोखंडी रिंग फिरते, दुसरी थांबते, आणि दोघींच्या मधून तेल बाहेर येत नाही, माती आत जात नाही. एवढ्यावर दहा टनांचं मशीन चिखलात चालतं. त्या घासलेल्या तोंडाला धुळीचा कण चालत नाही. रबर कोरडं पाहिजे, लोखंडी तोंडाला तेलाचा नुसता हात. मे महिन्यातला माणदेशचा वारा, आणि धूळ नको! आम्ही समाजमंदिराचं दार लावून आत बसलो, चादर ओली करून खिडकीला टांगली. मामाची बोटं जाड झालीत, संधिवात आहे. माझी बोटं तुटलेली तार सांधायची सवय असलेली. रिंग बोटांच्या टोकांवर समान दाबत बसवायची, तिरकी गेली तर तेल गळणार. पहिली बसली तेव्हा मामानं चष्मा वर करून बघितलं. "गिरणीनं तुला काय दिलं न्हाई म्हनतुयास. हे दिलं की."

"गिरणीनं न्हाई मामा, मीच शिकलो."

"व्हय. मीबी असाच."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, खाली सतरंजीवर आमचे रोलर. आज्जी आत डोकावून म्हणाली, देवळात असलं करू दिलं असतं का? मग आपलीच म्हणाली, हे देऊळ न्हाईच, म्हणून तर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चेनी चढल्या. चेन घट्ट ओढायची नाही. नवख्याला वाटतं घट्ट म्हणजे मजबूत. उलट आहे. फार घट्ट चेन सगळ्यांनाच खाते, पिन, बुश, स्प्रॉकेट, आयडलर. वरच्या बाजूला आयडलर आणि वरच्या रोलरच्या मधे इंच-दीड इंच झोळ राहिला पाहिजे. मामानं सरळ पट्टी ठेवून मोजलं. मग म्हणाला, "ढिलं बी न्हाई, आवळून बी न्हाई. संसारागत."

मग सीटवर कोण बसणार हा प्रश्न आलाच नाही. मामानं धोतर खोचलं आणि चढला. एकतीस वर्षांत साहेबाच्या जेवणाच्या सुट्टीत मिळालेली सीट. पातं उचललं, मशीन पुढं सरकलं, चेनीचा आवाज एकसारखा आला. कुठं कटकट नाही. दोन तास चालवून त्यानं थांबवलं आणि मला खाली पाठवलं, एकेका रोलरला हात लावायला. जो चटका देतो तो आतून कोरडा. सगळे कोमट होते. एकही चटका नाही. मी खालूनच ओरडलो. वर त्यानं काय केलं ते मला दिसलं नाही. आक्का सांगते, तोंड पुसलं.

मृगाच्या आत आणि मृगात मिळून अकरा एकरांचे टप्पे पडले. आठ एकर राहिले, ते येत्या उन्हाळ्यात. ताली नव्या, त्यामुळं दोन ठिकाणी पाण्यानं फोडल्या, त्या हातानं भरल्या. पण पाणी थांबलं. पहिल्यांदा आमच्या मातीनं आमच्यातच मुक्काम केला. बाजरी आली. फार नाही. खायला आली.

आता खरी गोष्ट पुढं आहे, लोखंड सोपं होतं. पाऊस उघडल्यावर गावातला एकजण मशीन तासावर मागायला आला. तीन वर्षं आम्हाला 'बघू' म्हणणाऱ्याचा सख्खा भाऊ. त्यांचं मशीन खालून गेलेलं. वर रंग मारला होता, पण खाली कुणी आडवं पडलं नव्हतं. विहारात बैठक बसली. पोरं तापलेली. एकजण म्हणाला, त्याला पण बघू म्हणा, तीन वर्षं बघू म्हणा. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याही हाताला खाज होती. मग आक्का उठली. ती कधी बोलत नाही. म्हणाली, "त्येच्यागत वागायचं व्हतं तर पैसं कशाला घातलं? त्यो फुकाट शिकवत व्हताच की. पाळीनं द्या. वहीत नाव लिवा. पर पाळी म्हंजे पाळी. पाटील असू दे न्हाईतर आनी कोन."

वहीत त्याचं नाव सातवं लिहिलं. त्याच्या वर दोन मांगवाड्यातली घरं, एक धनगर, एक मराठ्याची विधवा बाई आणि आमचे दोन. तो म्हणाला, जरा वर घ्या, जास्त देतो. मामा म्हणाला, "भाव सगळ्यास्नी योकच हाय. नंबर बी." तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं वहीत सही केली. माझ्या वडिलांच्या हयातीत आमच्या वस्तीच्या कुठल्या कागदावर त्या घरातल्या माणसानं रांगेत सातवं म्हणून सही केलेली नव्हती.

ह्याला क्रांती म्हणू नका. एका माणसानं सही केली, एवढंच. जमीन अजून शर्तीची आहे, मी अजून रिंगफ्रेमवर आहे, पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो. मशीन आज ना उद्या परत झिजणार. पिन-बुश एकदाच फिरवता येतात. दुसऱ्यांदा ती बाजूही संपलेली असते, मग नवीनच घालावे लागतात. तोवर पैसे साठले पाहिजेत म्हणून तासाच्या भाड्यातला चौथा हिस्सा वेगळा टाकायचा ठरलंय. उलट्या गिअरमध्ये मशीन पळवायचं नाही, त्यानं बुश आणि स्प्रॉकेट जास्त झिजतात. एकाच बाजूला वळवत राहायचं नाही. संध्याकाळी चेनीतला चिखल काढल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, वाळला की तो सिमेंट होतो. आणि चिखल काढायला ठरलेली माणसं नाहीत. त्या दिवशी जो सीटवर बसला, तोच संध्याकाळी पहार घेऊन खाली. हा नियम मामाचा. हा मात्र आम्ही लिहून काढला, मोठ्या अक्षरात, मशीनच्या शेडवर.

दोस्तहो, तुमच्याही वस्तीच्या कडेला, एखाद्या बंद खात्याच्या आवारात, बाभळीत असं लोखंड पडलेलं असेल. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी कुणीतरी एकदा पाठीवर झोपून आत जा आणि खालून बघा. आपल्यात तसं बघता येणारा एखादा म्हातारा असतोच. त्याची वही आधी उतरवून घ्या.